बंदूक कोणती घ्यावी?

आमच्या घराण्यात आम्ही बंदुकीचे पंडित म्हणून प्रसिद्ध आहो. ही प्रसिद्धी आम्हांस जन्मात एकही बार न काढता मिळाली, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. महाविद्यालयात इंग्रजी शिकविता शिकविता शिकारीची जुनी पुस्तके वाचण्याचा नाद लागला. आणि ज्या विषयात स्वतः काही करावयाचे नसते त्यात माणसाचे ज्ञान झपाट्याने वाढते, या न्यायाने आमचेही वाढले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने स्वदेशात शौकाची शिकार संपली, त्यामुळे आमच्या पांडित्याची परीक्षा कोणी घेईल हे भयही उरले नव्हते. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याने ती घेतली. "काका, पुढील वर्षी टांझानियात रानरेड्याच्या शिकारीस जाणार आहे. परवाना मिळेल. रायफल आणि काडतुसे कोणती घेऊ?" असे त्याने लिहून विचारले. दिवाळीच्या सुटीत आम्ही आष्टीस आलो होतो. त्याच रात्री जुन्या वाड्याच्या ओसरीवर दिवा घेऊन आम्ही उत्तर लिहावयास बसलो.

आरंभ अर्थातच इतिहासाने केला. बंदुकीचा आकडा म्हणजे स्थूलमानाने तिच्या नळीचा इंचांतील व्यास. १९०७ साली इंग्रज सरकारने .४५० व्यासाच्या रायफली हिंदुस्थानात व सुदानात आणण्यास मनाई केली. त्यांची सामग्री बंडखोरांच्या हातांतील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगी पडेल ही त्यांस धास्ती. शिकाऱ्यांची गैरसोय झाली, पण कारागिरांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी मापे काढून कायदा पाळला व धंदाही राखला. सरकारास आपल्या प्रजेचे भय वाटले नसते, तर आफ्रिकेतील हत्तींवर आज नावाजलेल्या कित्येक बंदुका जन्मासच आल्या नसत्या!

पुढे हवामानाकडे वळलो. तापलेल्या दारूचा दाब वाढतो, काडतुसाचे टोपण नळीत घट्ट बसते, आणि दुसरी गोळी हवी त्याच क्षणी ते निघत नाही. मराठवाड्याचा वैशाख ज्याने सोसला आहे त्यास उष्णतेचा हा प्रताप समजावून सांगणे नको. म्हणूनच १९११ च्या .४१६ रिग्बीचे काडतूस ऐसपैस केलेले आहे, की दाब बेताचा राहावा. १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढलेली .३७५ मॅग्नम मात्र सर्वांत सोयीची. तिची ३०० ग्रेनांची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारे ७७० मीटर वेगाने निघते. आणि हत्ती-रेड्यांसाठी याहून लहान माप चालणार नाही, असा नियम टांझानियासह आफ्रिकेतील अनेक देशांत आहे. .४५८ चा तडाखा अधिक खरा, पण खांद्यास बसणारा धक्काही दीडपट. आणि धक्क्यास भिणारा मनुष्य चाप ओढताना डोळे मिटतो.

गोळीचेही दोन प्रकार. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते व रुंद जखम करते. ती सिंह-बिबट्यांस योग्य. अखंड कठीण गोळी न फुलता हाडे भेदून सरळ जाते, ती हत्तीस. ७०० किलोंच्या रेड्यास पहिली गोळी फुलणारी, पण खोल जाणारी, आणि मागील कठीण, असा अनुभवी लोकांचा क्रम. बेल नावाच्या स्कॉच शिकाऱ्याने अवघ्या .२७५ च्या बंदुकीने शेकडो हत्ती पाडले, कारण हत्तीच्या कवटीत मेंदू कोठे असतो हे त्याने कवट्या चिरून पाहिले होते. तात्पर्य, गोळी किती मोठी यापेक्षा ती कोठे लागते हे मोठे.

येथवर चार पाने झाली. "जखमी रेडा दाट गवतात शिरला म्हणजे," असे पाचव्या पानावर लिहिले, आणि लेखणी थांबली.

आमच्या आजोबांजवळ ठासणीची बंदूक होती. गोष्ट १९४७ ची. आज जालना जिल्ह्यात असलेले आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. आजोबा तितरांसाठी बारीक छर्रे भरून बांधावर बसले असता ज्वारीतून रानडुक्कर निघाले. बंदूक रिकामी करून पुन्हा ठासण्यास वेळ कोठला? आजोबांनी तोच बार काढला. डुक्कर घायाळ होऊन ज्वारीत परतले, आणि आजोबांनी सालगड्यास कुऱ्हाड देऊन आत पाठविले. डुकराने त्याची मांडी फाडली. बैलगाडीतून परतूर स्टेशनास व तेथून आगगाडीने जालन्यास नेले, म्हणून तो वाचला. पाय मात्र कायमचा अधू झाला. डुक्कर दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेले सापडले.

घरात ही गोष्ट "आजोबांनी डुक्कर लोळविले" अशी सांगत. आम्हीही वर्गात अनेकदा तशीच सांगितली आहे. त्या गड्यास आम्ही मुले मामा म्हणत असू. त्याच्या मांडीवरचा खळगा पाहून आम्ही एकदा विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "जवारी लई दाट होती." आजोबांविषयी तो अक्षर बोलला नाही. आम्हीही पुढे काही विचारले नाही.

आफ्रिकेतही माग काढणारे स्थानिक लोक जमिनीवरील रक्त पाहत पुढे चालतात, आणि बंदूकवाले त्यांच्या मागून. पुस्तकांत हे आम्ही शंभरदा वाचले होते. त्यात मामा आम्हांस त्या रात्रीपर्यंत दिसला नव्हता. चार पाने बाजूस ठेवून आम्ही नवे पत्र लिहिले. ते असे :

"चि. यास आशीर्वाद. .३७५ घे. उरलेले पैसे काडतुसांवर खर्च कर आणि वर्षभर उभ्याने नेम धर. पन्नास पावलांवरून थाळीएवढ्या जागेत दहापैकी दहा गोळ्या लागेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नकोस. बंदूक मोठी घ्यावयाची ती जनावर मोठे म्हणून नव्हे. आपल्या चुकीपायी दुसऱ्या कोणास गवतात शिरावे लागू नये म्हणून. ज्या जनावरामागे स्वतः गवतात जाण्याची तुझी तयारी नसेल, त्याच्यावर बार काढू नकोस." खाली मामाची हकीकत लिहिली, या वेळी जशी घडली तशी.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्याने .३७५ घेतली आहे. आज दहांत सहा लागतात. तिकीट काढलेले नाही. शेवटी लिहितो, "काका, तशी वेळ आलीच तर मी माग काढणाऱ्यांच्या बरोबर गवतात जाईन." पत्र वाचून आम्हांस अभिमान वाटला आणि झोप आली नाही. वहिनींना हे अजून सांगितलेले नाही.