मेटल कुठे असतं?

प्रिय मित्रा,

हेवी मेटलचा आत्मा पकडणारे व्हिडिओ गेम कोणते, असं विचारताना तू जी यादी पाठवलीस, तिच्यातले बहुतेक गेम मलाही आवडतात. यादीमागचा निकष मात्र पटत नाही. ज्यात मेटलची गाणी वाजतात, कवट्या आणि आगीचे लोळ दिसतात, तो गेम मेटलचा, असं तू धरून चालला आहेस. माझ्या मते मेटल गेमच्या नियमांत असावं लागतं. तिथे नसेल, तर गाणी कितीही चांगली निवडा, ती मागे नुसती वाजत राहतात.

त्यासाठी आधी मेटल कशानं घडतं ते बघू. मोठा आवाज म्हणजे मेटल, असं बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, पण त्याची मुळं एका अडचणीत आहेत. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक झालेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपर्यंत तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. ब्लॅक सॅबथचा जड, खर्जातला नाद अशा अडचणींतून घडत गेला. पुढे थ्रॅश या वेगवान मेटलच्या गिटारवाल्यांनी पाम म्यूटला आपल्या वादनाचा कणाच बनवलं: तळव्याची कड तारांवर टेकवायची आणि स्वर उमटताच दाबायचा. तबल्यात बंद बोलांमुळे खुला बोल उठतो, तसा दाबलेल्या स्वरांच्या रांगेनंतर सोडलेला एक स्वर थेट छातीवर आदळतो. म्हणजे या संगीतात जोराइतकाच लगामही मोलाचा. आणि त्याच्या जोडीला विषय: मृत्यू, युद्ध, सैतान, वेड, ज्यांच्याकडे सभ्य संगीत सहसा पाठ फिरवतं. गेममध्ये मला हे दोन्ही हवं आहे, आणि तेही खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचलेलं.

‘डूम’ आला डिसेंबर १९९३ मध्ये. तो घडवणाऱ्यांपैकी जॉन रोमेरोनं संगीतकार बॉबी प्रिन्सला मेटलचे अल्बम ऐकायला दिले होते आणि त्या छापाचं संगीत प्रिन्सनं मिडीत बांधलं. तेव्हाच्या साध्या साउंड कार्डातून गिटार खरी वाजतच नसे, आवाज पातळ आणि कृत्रिम यायचा. तरी तो गेम पहिल्या पाच मिनिटांत मेटलचा वाटतो, कारण त्याची चाल तशी आहे. राक्षसांनी फेकलेले आगीचे गोळे बाजूला सरकून चुकवता येतील इतक्या वेगानं येतात, म्हणून थांबणं हाच धोका आणि सतत सरकणं हाच बचाव ठरतो. २०१६ च्या ‘डूम’नं हे सूत्र आणखी घट्ट आवळलं. आडोशामागे थांबलात तर जखमा भरून येत नाहीत. जीव वाढवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन हातांनी संपवणं, आणि काडतुसांसाठी करवत चालवणं. सर्वांत घाबरलेल्या क्षणी गेम तुम्हाला पुढे ढकलतो, आणि कुठलं हत्यार कधी, कुणावर, याचा हिशेबही चुकू देत नाही. संगीतकार मिक गॉर्डनला सुरुवातीची सूचना गिटार नको अशीच होती. त्यानं साध्या ध्वनिलहरी विकृती आणणाऱ्या उपकरणांच्या साखळीतून काढून तो गुरगुरता नाद मिळवला, नऊ तारांची गिटार नंतर आली. गिटारआधीच तो नाद मेटलचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

इथे तू ‘ब्रूटल लेजंड’ पुढे करशील, आणि करायलाच हवास. टिम शेफरच्या २००९ च्या या गेममध्ये लेमी, रॉब हॅलफर्ड, ऑझी ऑझबर्न या मेटल गायकांचे आवाज आहेत, शंभराहून अधिक गाणी आहेत. नायकाचं नाव एडी रिग्ज, आयर्न मेडनचा एडी आणि त्याला चितारणारा डेरेक रिग्ज यांच्यावरून ठेवलेलं. अल्बमच्या मुखपृष्ठांवरचे डोंगर आणि आकाश तिथे पायाखाली येतात. मेटलवर इतकं प्रेम करणारा दुसरा गेम मला माहीत नाही. पण मोठ्या लढाया सुरू झाल्या की नायक पंख पसरून वर उडतो आणि खालच्या फौजेला हुकूम सोडू लागतो. कुऱ्हाडीचं वजन त्याच क्षणी हातातून जातं. हा गेम मेटलचा इतिहास सुंदर सांगतो. ‘मेटल: हेलसिंगर’ (२०२२) याच्या उलट टोकाला. तिथे गोळी तालावरच झाडायची. ताल टिकला की वाद्यांचे थर चढत जातात, आणि गुणक सोळापटीवर पोचला की गायकाचा आवाज फुटतो. गायक सर्ज टँकियनचा आवाज असा कमावून ऐकण्यात खरा आनंद आहे. तरीही तिथला ताल आधीच ठरलेला असतो, आपण त्याच्या मागे धावतो. ‘डूम’मध्ये लढाईची लय खेळणारा स्वतः उभी करतो, म्हणून माझं माप तिकडे झुकतं.

मग कडक नियमांचा कुठलाही गेम मेटल का, टेट्रिससुद्धा? नाही. टेट्रिसमध्ये लगाम आहे, पण समोर मृत्यू नाही. उलट, वेग म्हणजेच मेटल का, हा आक्षेप जास्त टोकदार आहे, कारण सॅबथचं शीर्षकगीत तर रांगत चालतं. म्हणून ‘डार्क सोल्स’ (२०११) घे. त्याच्या बहुतेक भागांत पार्श्वसंगीत नाही, जिथे आहे तिथे वाद्यवृंद आणि गायकवृंद. पण मोठी तलवार एकदा उगारली की परत घेता येत नाही, घाव पूर्ण होईपर्यंत तुम्ही उघडे असता, आणि दम संपला तर पळताही येत नाही. ही संथ, जड लय हाताला जाणवते तेव्हा ब्लॅक सॅबथच आठवतो.

हे सगळं हिंसेचं गोंडस समर्थन आहे, असं कुणी म्हणेल. हा आरोप नवा नाही. १९८५ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली, तेव्हा ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर बाजू मांडायला उभा राहिला. गेममधल्या हिंसेवरची सुनावणी ९ डिसेंबर १९९३ ची, आणि ‘डूम’ निघाला दुसऱ्याच दिवशी. दोन्ही वेळा आरोप करणाऱ्यांनी शब्द आणि चित्रं तपासली. आत हाताला किती शिस्त लागते, याकडे त्यांनी पाहिलं नाही. तू कौतुकासाठी लावतोस तो निकष आणि त्यांनी दोष देण्यासाठी लावला तो, एकच आहे. म्हणून तर मी त्यावर इतका अडून बसलो आहे.

२०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ तुझ्या यादीत नाही. त्यात ढाल आहे, पाय रोवून वार परतवणं आहे, चाल आधीपेक्षा जड आहे. तो खेळताना एकदा सेटिंगमध्ये जाऊन संगीताचा आवाज शून्यावर आण. फक्त ढालीचे आणि पावलांचे आवाज राहू देत. तसा तासभर खेळून झाल्यावर यादी पुन्हा लाव आणि मला पाठव.

तुझा,
मित्र