चाक कोण धरतंय?

"काहीतरी जळतंय हो," आमची ही म्हणाली आणि तिने पदर नाकाला लावला. मी म्हटलं, "कुणी शेतात पाला पेटवला असेल." आमच्या केळीच्या मुलखात ही सबब बारा महिने चालते. महिनाभरात हा संवाद तिसऱ्यांदा झाला होता. मी सोयीस्करपणे विसरलो होतो, इतकंच.

फैजपूरहून सावद्याला परतत होतो. गाडी म्हणजे आमची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. हे नाव तिला १९७४ साली मिळालं, पण आम्ही जुनी माणसं तिला अजून फियाटच म्हणतो. समोरून केळीने भरलेला ट्रक आला. मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायची सोडून उजवीकडे, म्हणजे थेट ट्रककडे ओढली गेली! दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे धरलं म्हणून निभावलं. ट्रकवाला काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही मात्र काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

गाडी कडुनिंबाखाली लावून उतरलो. लहानपणी आई ताप बघायची तसा चारही चाकांजवळ हात नेला. तीन कोमट, पुढच्या उजव्याजवळ मात्र हात धरवेना. जळका वास तिथूनच येत होता.

आता गंमत ऐका. याच चाकाचे लायनर आणि व्हील सिलेंडर मी महिन्यापूर्वीच बदलून घेतले होते. गॅरेजवाल्याला मीच ठामपणे सांगितलं होतं, "सिलेंडर गेलाय, बदल." मास्तर माणूस! समोरच्याला बोलू देण्याची सवय कमी. दोन दिवस गाडी छान चालली आणि माझी छाती फुगली.

या वेळी गावातल्याच एका मेकॅनिककडे गेलो. हा माझा जुना विद्यार्थी, आठवीत माझ्या हातच्या छड्या खाल्लेला. त्याने काहीच बदललं नाही. चाक जॅकवर उचललं, मला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. हलेना. डावं चाक मात्र मोकळं फिरत होतं. "सर, मास्टर सिलेंडर खराब असता तर एकच चाक कशाला धरलं असतं?" तो म्हणाला.

मग त्याने चाकामागचं निपल पाव आटा सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं. म्हणजे ड्रमच्या आतले शू, स्प्रिंग, सिलेंडर सगळे निर्दोष. ऑइलचा दाबच आत कोंडून राहिला होता.

निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबायला लावला. चाक पुन्हा जाम. आता त्याने लोखंडी नळी रबरी पाइपाला जिथे मिळते तो जोड सैल केला. चार थेंब आले, पण चाक जागचं हललं नाही. दाब अडला होता तो या जोडाच्या पुढे, त्या वीतभर रबरी पाइपात.

पाइप बाहेरून नव्यासारखा होता. त्याने ब्लेडने उभा चिरून दाखवला. आतलं रबर फुगून जेमतेम सुई जाईल एवढीच वाट उरली होती. "पोटातून फुगेल आहे, सर." पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पण शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगमध्ये ते परत ढकलण्याइतका जोर कुठला? आणि गेल्या वेळी सिलेंडर बदलल्यावर हवा काढायला निपल उघडलं, तेव्हा कोंडलेला दाब निघून गेला. म्हणून ते दोन दिवस!

"लवकर आले, सर. ऑइल उकळलं असतं तर ब्रेकचा पाय थेट खाली गेला असता." ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल जितकी जास्त तितकं ते लवकर उकळतं. हे ऑइल मी शेवटचं कधी बदललं होतं, ते मलाच आठवेना. पुढचे दोन्ही पाइप आणि सगळं ऑइल बदललं.

त्या छड्यांचा विषय माझ्या ओठांवर आला होता. तो हात पुसत म्हणाला, "चहा घ्या, सर." विषय राहून गेला. पुढच्या वेळी काढायचा आहे.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. विका आता." त्याचं चूक नाही. पहिल्यांदाच मी हिला विचारलं, काय करू या? ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "राहू द्या गाडी. पण मी वास येतो म्हटलं की थांबायचं."

काल फैजपूरला जाताना दोनदा थांबलो. एकदा खरंच पाला जळत होता. असो.