वाघाची वाट

ज्ञानगंगा अभयारण्यात बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर काढायला मी गेलो तो वाघासाठीच, आणि तिथे तेव्हा वाघ नव्हता हे ठाऊक असूनही गेलो. ज्याच्यासाठी गेलो तो केव्हाच निघून गेला होता. पण इतकं चालून तो ज्या जंगलाशी येऊन थांबला, ते मला रात्रभर जागून पाहायचं होतं.

सी-१ हे त्याचं कागदोपत्री नाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१६ च्या अखेरीस तो जन्मला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली आणि जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. वयात आलेल्या नराला बापाच्या हद्दीत जागा नसते. स्वतःचा मुलूख आणि मादी त्यालाच शोधावी लागते. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं भटकत तो डिसेंबरात बुलढाण्यात, ज्ञानगंगेत पोचला. कॉलरने नोंदवलेली त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरहून जास्त भरली. सरळ रस्ता त्याला नव्हताच. रात्री नाल्यांच्या काठाने, शेतांमधून चालायचं आणि दिवसा झुडपात पडून राहायचं. एवढ्या वाटचालीत माणूस जखमी झाल्याचा प्रसंग एकच, तोही तो विसावला होता त्या झाडोऱ्यात माणसं शिरली तेव्हाचा. मला ही गोष्ट तीन हजार किलोमीटरपेक्षा मोठी वाटते.

बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाणारा रस्ता या जंगलातूनच जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे २०५ चौरस किलोमीटरचं रान, १९९७ साली अभयारण्य झालेलं. वैशाखात सालई, धावडा उघडे पडलेले असतात, त्यामुळे नजर लांबवर पोचते. वन विभागाच्या निसर्गानुभवासाठी, म्हणजे पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या नोंदीसाठी, आलेल्यांना मचाणं वाटून दिली होती. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलायचं तर कुजबुजत. माझ्याबरोबर एक वयस्क वनमजूर होते. मी त्यांना काका म्हणत होतो, ते मला भाऊ.

ऊन उतरलं तशी पाखरं पाण्यावर येऊ लागली. आधी मोर, मग होले, मग सातभाईंचा कलकलाट. आणि त्यानंतर स्वर्गीय नर्तक! पांढराशुभ्र नर, शेपटीच्या दोन लांब फिती सांभाळत फांदीवरून सुटायचा, पाण्याला छाती टेकवून पुन्हा फांदीवर. पुन्हा बुडी, पुन्हा फांदी. अंधार पडेपर्यंत त्याची ही आंघोळ चालली होती. त्या वेळात वाघाची आठवणही मला झाली नाही, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण वाघ दिसला नाही की जंगल रिकामं होतं असं म्हणणारे फार भेटतात.

चंद्र वर आला. रातव्याची चुक-चुक-चुक सुरू झाली. रोही आले, पाण्यापासून दूर बराच वेळ उभे राहिले, मग एकेक करून प्यायले. रानडुकरांनी चिखल केला. मध्यरात्र उलटल्यावर काकांनी माझ्या मनगटाला हात लावला. अस्वल होतं, पाठीवर पिल्लू घेतलेली मादी. तिच्या पिण्याचा आवाज मचाणापर्यंत येत होता. पिल्लू उतरलं, पाण्यात पाय घातला आणि घाबरून पुन्हा आईच्या केसांना लटकलं. ज्ञानगंगा अस्वलांसाठी ओळखली जाते. त्या रात्री ते जवळून कळलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "काका, तो वाघ राहिला का नाही इथं?"

"एकटा किती दिस राहील भाऊ? खायला व्हतं, प्यायला व्हतं. पन वाघीण कुठं व्हती?"

त्याच्यासाठी वाघीण आणावी का, याचाही विचार तेव्हा झाला होता. मला ते पटत नाही. एवढ्याशा रानात जोडी सोडली, तर तिची पिल्लं मोठी होऊन जाणार कुठे? याच जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाटला जोडलेलं, वाघांच्या येण्याजाण्यातलं. पण अंबाबरवा आणि ज्ञानगंगा यांच्यामध्ये पूर्णेचा सगळा सपाट पट्टा पसरलाय. कपाशी, गावं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग आणि खामगाव-नांदुरा-मलकापूरचा राष्ट्रीय महामार्ग. अजिंठ्याच्या रांगेने पश्चिमेकडची वाट मात्र अजून शिल्लक आहे. मार्च २०२१ मध्ये त्याच रांगेतल्या गौताळा अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ आला. पट्टे जुळवून पाहिले, तो सी-१च होता.

सकाळी नोंदीचा कागद काकांनी भरला. अस्वल, रोही, डुक्कर, मोर. वाघाच्या रकान्यात शून्य. परतताना खामगावकडे उतरलो आणि पुढे महामार्गावर प्रत्येक नाल्याशी गाडी हळू करत गेलो. बहुतेक मोऱ्या इतक्या बुटक्या, की रोही वाकूनही पलीकडे जाणार नाही. काही कचऱ्याने बुजलेल्या. या रस्त्याचं काम पुन्हा निघेल तेव्हा या मोऱ्या उंच आणि रुंद बांधाव्यात, आणि पूर्णेला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठावरची झाडं तोडू नयेत, एवढी माझी मागणी आहे. अंबाबरव्यातून निघालेल्या एखाद्या वाघिणीला ज्ञानगंगेपर्यंत यायला तेवढं तरी लागेल.