सूप बाजारात, सूप संग्रहालयात

नव्या रायपुरात खरेदी यादीपासून सुरू होते. छत्तीसगढ राज्य २००० साली झाले आणि त्याच्या राजधानीसाठी जुन्या रायपूरच्या आग्नेयेला हे शहर आखून वसवले गेले. मंत्रालय २०१२ मध्ये इथे आले, २०१८ मध्ये शहराला अटलनगर हे नाव जोडले गेले. रस्ते रुंद, सेक्टरांना आकडे, मधून मधून तळी आणि मोकळे माळ. जुन्या गावात दुकान घराच्या भिंतीला लागूनच असते. आखलेल्या शहरात त्याला नकाशावर जागा नेमून द्यावी लागते. दूध, कोथिंबीर, वह्या, साबण सेक्टरातच मिळतात. कुकरची नेमक्या मापाची रिंग, पुरणयंत्राची बारीक जाळी, समईची वात, धान्य पाखडायचे सूप या वस्तू मात्र यादीच्या तळाशी साचत जातात आणि सुट्टीच्या दिवशी सगळे घर जुन्या रायपूरकडे निघते. बस आहेच. ३० मार्च २०२५ पासून रायपूर–अभनपूर ही लोकल गाडीही मंदिर हसौदवरून नव्या राजधानीतून धावते.

या भागात मराठी माणसाचा पाय जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आली आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत तिथून कारभार पाहिला. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची इथली चाल त्यांच्याच काळापासूनची मानतात. रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ‘छत्तीसगढ मित्र’ काढून छत्तीसगढातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मातीत वाढलेले. त्यामुळे रायपूरच्या बाजारात मराठी घराची यादी परकी वाटत नाही. तिच्यातल्या काही वस्तू मात्र वेगळ्या नावाने मागाव्या लागतात आणि काहींच्या जागी दुसऱ्याच घरी येतात.

जयस्तंभ चौकातून मालवीय रोडला लागले की गोलबाजार जवळच. जन्मापासून मरणापर्यंत लागणारे सगळे सामान इथे मिळते असे रायपूरकर सांगतात, आणि एक फेरी मारली की ते पटते. हळद-कुंकू, कापूर, जानवी, लग्नातले मौर, वनौषधींच्या मुळ्या, सुंभ, चाळण्या. अशा बाजारात फलक वाचून वस्तू सापडत नाही, विचारत जावे लागते. भांडीवाला दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो, तो कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराचे नाव घेतो आणि म्हातारा हातातले काम न सोडता डब्यातून नेमकी रिंग काढून देतो. घरपोच मागवलेली वस्तू लवकर येते हे खरे. पण या विचारपूस करत फिरण्यात मुलांना जे मिळते ते तिच्याबरोबर येत नाही: कोणती वस्तू कोण बनवतो, कशाची बनते, कुठे झिजते आणि तिला पर्याय काय.

बांबूच्या वस्तूंपाशी थोडे थांबावे. छत्तीसगढी लग्नात पर्रा आणि बिजना लागतात. पर्रा म्हणजे बांबूची उथळ पाटी, बिजना म्हणजे छोटा पंखा. दोन्ही हळदीच्या रंगात रंगवलेली. त्यांच्या शेजारी सुपे, टोपल्या, झाकणाच्या करंड्या. मराठी गृहिणी सूप हातात घेते ते आधी उलटे करून पाहते. काठ कशाने बांधला आहे, विणीत फट आहे का, पुढची कड सपाट आहे का, कारण पाखडताना कोंडा तिथूनच उडतो. मुलांना हे एकदा हातात देऊन दाखवले की पुढे संग्रहालयात काचेआडचे सूप त्यांना ओळखीचे भेटते. जे बाजारात विकत मिळते तेच संग्रहालयात मांडलेले असते, अशी शहरे फार उरलेली नाहीत. रायपूर त्यांपैकी एक आहे, आणि म्हणून इथे खरेदी व संग्रहालय ही दोन वेगळ्या दिवसांची कामे करू नयेत.

सणांचे दिवस आले की शोधाचे स्वरूप बदलते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल ओढत नेतात. रायपुरात पोळ्याच्याच अमावास्येला पोरा असतो. त्याआधी रस्त्याच्या कडेला मातीचे, चाके लावलेले बैल मांडले जातात आणि त्यांच्या बाजूला मातीचेच इवलेसे जाते, चूल, भांडी. नागपूरकडून आलेल्या घरातल्या आजोबांना लाकडी बैल हवा असतो, नातवंडांना मातीचा आवडतो. बहुतेक वेळा मातीचाच घरी येतो. त्या दिवशी घरोघरी ठेठरी आणि खुरमी तळल्या जातात, एक बेसनाची खारी, दुसरी गुळाची गोड. पोऱ्यामागून दोन-तीन दिवसांत तीजा येते. माहेरी आलेल्या लेकीला लुगडे द्यायची रीत असल्याने पंडरीच्या कापड बाजारात गर्दी दाटते. कोशाचे कापड घ्यायचे तर चांप्याकडचे आहे का ते विचारावे. साजा, म्हणजे आपला ऐन, आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे हे रेशीम. त्याचा एक धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली धागा वितळून गोळी होतो.

तांदळाची गोष्ट तर स्वतंत्रच सांगावी अशी आहे. गणपती जवळ आले की मोदकांसाठी आंबेमोहोर हवा असतो आणि तो इथे हमखास मिळेलच असे नाही. दुकानदार दुबराज पुढे करतो, विष्णुभोग दाखवतो, सरगुज्याकडचा बारीक, सुवासिक जीराफूल काढतो. जीराफुलाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नगरी दुबराजला २०२३ मध्ये. उकडीच्या पारीला चिकटपणा किती आणि वास किती, हे एकेक मूठ भिजवून, वाटून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून जाणत्या बायका आधी पावकिलोच नेतात. या प्रदेशाला भाताचे कोठार म्हणतात त्यामागे मोठी विविधता आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून देशी भाताचे सुमारे १९,००० नमुने रायपुरात जमा केले आणि तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात सांभाळला जातो. एका माणसाने आयुष्यभर वाणांचा असा शोध घ्यावा, याचे मोल कोणत्याही काचेच्या कपाटापेक्षा कमी नाही.

भाजीसाठी मात्र शहरात जायचे कारण नाही. नव्या रायपूरच्या सेक्टरांमध्ये आणि भोवती जी जुनी गावे आहेत, त्यांच्या आठवडी हाटात पालेभाज्यांची जी रेलचेल असते ती पाहण्यासारखी आहे. पावसाच्या आरंभी चरोटा येतो, तोच आपला टाकळा. थंडीत तिवरा, म्हणजे लाखेचा कोवळा पाला. बोहार, म्हणजे भोकराचा बहर, थोडे दिवस मिळतो आणि भाव खातो. पावसात जंगली अळंबी निघते तिला फुटू म्हणतात. तिच्यासाठी सकाळी लवकरच पोचावे लागते. विकणाऱ्या बायका भाजीचे ढीग लावून बसतात. धान्याला काठ्याचे माप चालत आले आहे, वीस काठ्यांची खंडी.

आता संग्रहालये. रायपुरातल्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयापासून आरंभ करावा. राजनांदगाव संस्थानचे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते उभारले. सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे, ही गल्लत मुलांच्या मनातून आधीच काढावी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे, म्हणजे त्याच्यामागून अवघ्या बारा वर्षांनी हे झाले. आधी ते एका आठकोनी इमारतीत होते. आताच्या इमारतीचे उद्‌घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. सोमवारी ते बंद असते.

इथल्या सिरपूरच्या वस्तूंपुढे मराठी वाचकाने आवर्जून थांबावे, कारण महानदीकाठच्या त्या प्राचीन राजधानीचे उत्खनन १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. मणी आणि काच यांचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय होता. सिरपूरच्या ब्राँझमूर्ती आधीच, १९३९ मध्ये, सापडल्या होत्या. त्या लहान आहेत, पण डोळ्यांच्या आणि दागिन्यांच्या कामात इतकी नजाकत आहे की मोठ्या पाषाणमूर्तींनंतर त्यांच्याकडे परत यावेसे वाटते.

इथले सगळ्यात मोठे नवल मात्र एका लाकडाचे. किरारी गावात हीराबांध नावाचे तळे आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि शेतात टाकायला गाळ काढताना लाकडाचा एक खांब लागला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. शेकडो वर्षे पाण्याखाली टिकलेले लाकूड उन्हात आले, वाळले, आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले. पापुद्र्यांबरोबर अक्षरेही गळाली. ती सगळी जाण्याआधी गावातले पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी दिसतील तशी ती उतरवून घेतली, साडेतीनशेच्या आसपास. लिपी त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी आकार पाहून आकार काढले. आज खांबावर थोडकीच अक्षरे उरली आहेत आणि लेख वाचला जातो तो त्या नकलेवरून. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. त्यात अधिकाऱ्यांची यादी आहे: नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, कोठार सांभाळणारा भांडागारिक, आणि राजाच्या मुदपाकखान्याचा महानसिक. सकाळी बाजारची यादी हातात धरून हिंडलेल्या मुलांना हा लेख अवघड जात नाही. कोठारात काय आले आणि स्वयंपाकाला काय लागेल हे पाहणारी माणसे अठराशे वर्षांपूर्वीही नेमलेली होती, आणि त्यांची नावे सेनापतीबरोबर एकाच खांबावर कोरली गेली होती. अशा वस्तूपुढे पाऊण तास गेला तरी हरकत नाही. बाकीची दालने पुन्हा कधी पाहता येतील.

भूक लागली की आवारातच ‘गढ कलेवा’ आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेले हे खाद्यगृह बचतगटातल्या बायका चालवतात. तांदळाचा चीला, वाफवलेला फरा, ठेठरी, खुरमी. सकाळी बाजारात पिठाच्या रूपात पाहिलेला तांदूळ इथे ताटात येतो.

दुपारनंतर पुन्हा नव्या रायपुरात यावे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या आवारातले आदिवासी संग्रहालय मे २०२५ मध्ये खुले झाले. त्याची दालने चौदा. दागिने, सण, नृत्ये, वाद्ये, शेती, शिकार असा जगण्याचा सगळा पसारा त्यात मांडला आहे, आणि बैगा, कमार, पहाडी कोरवा, बिरहोर, अबुझमाडिया अशा अतिमागास ठरवलेल्या जमातींचीही ओळख होते. सूप, टोपली, भोपळ्याचे तुंबे, मासे धरायचे सापळे पाहताना मुलांना एकच काम द्यावे: यातले काय काय आज बाजारात दिसले ते ओळखणे. मग धावाधाव थांबते आणि नजर टिकते. गळ्यातला चांदीचा सुता सदर बाजारातल्या सोनाराच्या दुकानात पाहिलेला असतो. तो इथे कोणत्या जमातीची बाई कोणत्या प्रसंगी घालते ते कळते.

त्याच आवारात शहीद वीर नारायणसिंह स्मारक आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालय आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. सोळा दालनांत पुतळे आणि पडदे यांच्या साहाय्याने हलबा, परलकोट, मुरिया, कोई या उठावांपासून पुढच्या सत्याग्रहांपर्यंतचा इतिहास उभा केला आहे. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून उपाशी रयतेला वाटले. त्याबद्दल ते तुरुंगात गेले, पुढच्या वर्षी तुरुंगातून निसटून इंग्रजांशी लढले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना फाशी दिली गेली. ती जागा म्हणून आजचा जयस्तंभ चौक ओळखला जातो. गोलबाजाराची वाट सकाळी तिथूनच धरलेली असते. मोठ्यांनी हे मुलांना इथे सांगावे, घाई न करता. १९१० च्या भूमकालाचेही असेच. बस्तरात गुंडाधूर यांच्या पुढाकाराने उठाव पेटला तेव्हा गावोगाव निरोप गेला तो आंब्याच्या डहाळीला लाल मिरच्या बांधून. लेखी फर्मान नव्हते, आणि तरी प्रत्येक गावाला त्याचा अर्थ समजला.

मुले थकली असतील तर या दालनांऐवजी किंवा यांच्यानंतर उपरवाऱ्याचे पुरखौती मुक्तांगन बरे. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्‌घाटन केले. इथे छप्पर नाही, काच नाही. नाचणाऱ्या माणसांचे पूर्णाकृती पुतळे, बस्तर आणि सरगुज्याच्या धर्तीवरची घरे, मंदिरांच्या प्रतिकृती, आणि मधून पायवाटा. ऊन उतरल्यावर, चारच्या पुढे जावे.

आठवणीसाठी काही घ्यायचे असेल तर ढोकरा घ्यावा, तोही हस्तशिल्प मंडळाच्या ‘शबरी’ विक्रीकेंद्रातून. बस्तरचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्या गुंडाळून आकार करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस भरतात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. बस्तर ढोकऱ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घेताना मेणाच्या दोऱ्यांच्या रेषा पाहाव्यात. हातकामात त्या जरा वाकड्या, कमी-जास्त जाडीच्या असतात. दोन मूर्ती तंतोतंत सारख्या दिसल्या तर त्या यंत्राच्या समजाव्यात. किंमत बहुधा वजनावर आणि कामाच्या बारकाईवर ठरते, तेव्हा मुलांसाठी लहानसा हत्ती किंवा घुंगुर पुरे. घरी नेल्यावर तो चिंचेच्या कोळाने घासून साध्या पाण्याने धुवावा आणि लगेच कोरडा पुसावा, नाहीतर रेषांच्या खाचांत हिरवट डाग धरतात.