मुदतीचा उंबरठा

आमच्या मातोश्री पोखर्णीस असतात. नातवंडांचे मुखदर्शन तरी रोज घडावे, म्हणून आम्ही त्यांस एक मोबाईल घेऊन दिला. तेराव्या महिन्यात एके सकाळी त्याच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटली आणि आठवड्याच्या आत पडदाच काळा झाला. तो कधी पडला नव्हता, भिजला नव्हता. देवघराशेजारच्या कोनाड्यातून तो क्वचितच हलला असेल.

दुरुस्ती केंद्रातील तरुणाने खरेदीची तारीख पाहिली. फोनकडे त्याने पाहिलेच नाही. "वॉरंटी संपली, सर," असे म्हणून त्याने निम्म्या किमतीएवढा खर्च सांगितला. तीस वर्षे विद्यार्थ्यांस शब्दाशब्दाचा अर्थ विचारणारे आम्ही, पुढे आलेल्या कागदावर तो न वाचताच सही करून मुकाट्याने परतलो. शिकलेल्या माणसाच्या सभ्यतेत आळसाचा अंश बराच असतो.

मातोश्रींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मुदत संपली, ते कळलं रे. पण तो बिघडला कशानं?"

या प्रश्नाने आम्हांस कायद्याचे पुस्तक उघडावयास लावले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. वॉरंटी हे कंपनीने दिलेले वचन होय. सदोष मालाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. दोष मुळातच असेल, तर तो मुदतीनंतर प्रकटला एवढ्यावरून तक्रारीचे दार आपोआप बंद होत नाही. मात्र दोष मूळचा आहे हे ग्राहकास दाखवावे लागते आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवालही लागू शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. आणि ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे पोखर्णीकरास परभणी पुरे.

पोखर्णीचे दैवत नृसिंह. हिरण्यकशिपूनेही आपल्या वरात अटी घालून ठेवल्या होत्या : दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. वॉरंटीच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचताना आम्हांस त्याची आठवण झाली. अटी कितीही चतुर असोत, उंबरठा तेवढा शिल्लक राहतोच. पण त्यावर उभे राहावयाचे, तर हाती पुरावा हवा. आणि आमच्याजवळ तर बिलही नव्हते.

ते मातोश्रींजवळ होते. पोथीत घडी घालून ठेवलेले बिल त्यांनी आमच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा केंद्रात गेलो आणि बिघाडाचे कारण लेखी मागितले. त्या तरुणाने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग प्रथमच तो फोन हातात घेतला.