बोअर-पिस्टनमधली फट

एकात एक अडकून बसलेले स्टीलचे पेले कसे सोडवायचे, हे अशा पानांतून किती वेळा छापून आलं असेल! आतल्या पेल्यात गार पाणी ओतायचं, बाहेरचा कोमट पाण्यात धरायचा. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो आणि दोघं सुटतात. स्कूटरच्या इंजिनात मात्र नेमकं उलट होतं, हे मला 1986 च्या मे महिन्यात कळलं.

आमच्या बजाज चेतकचं रीबोअर नुकतंच करून आणलं होतं. हे आणि मी लग्नासाठी धुळ्याहून जळगावला, माझ्या माहेरी निघालो. पारोळा मागे पडलं, नि भर उन्हात गाडीनं मागचं चाकच धरलं. यांनी झटकन क्लच दाबला, म्हणून पडलो नाही. मागून ट्रक येत होता.

लग्न हुकलं ते हुकलंच. गाडी टेम्पोत घालून जळगावला नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे! म्हणाले, "वहिनी, फट कमी ठेवलीय."

चेतकच्या सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि पिस्टन तर थेट जाळाखाली! म्हणून इंजिन गार असतानाच दोघांत फट सोडावी लागते. फार नाही, एक-दोन केसांच्या जाडीची. नेमका आकडा ज्या-त्या कंपनीच्या पुस्तकात असतो. फिट्ट बसलं म्हणजे चांगलं, असं काही लेथवाल्यांनाही वाटतं. पण इंजिन म्हणजे काही ब्लाउज नव्हे. फट जास्त झाली तरी पंचाईतच: गार इंजिन खडखडतं, दाब टिकत नाही, किका मारून पाय दुखतो.

पिस्टन डोक्याकडे जास्त तापतो, म्हणून तिथे तो मुळातच किंचित बारीक केलेला असतो. त्यामुळे माप खालच्या बाजूला, पिनेच्या आडव्या दिशेनं घ्यायचं. मिस्त्रींनी मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन हे दाखवलं.

जुनी चेतक सांभाळणारी घरं आजही आहेत, शेतात पेट्रोल-ऑइलवरचे फवारणी पंप आहेत. आकडे वेगळे, पण फटीचं गणित तेच. काम झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी सावकाश, मध्ये थांबत चालवावी. मे महिन्यात तर सकाळीच निघावं. पिस्टन आणि सिलिंडर, दोन्हींची मापं कागदावर लिहून मागावीत. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.