गिअर पडतो, पण धरत नाही

नव्याने बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गाडीखाली चढवला, ऑइल भरलं, गाडी रस्त्यावर काढली, आणि पहिल्या चौकापर्यंतच कळतं की काहीतरी कमी पडतंय. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना इंजिनाचा आवाज क्षणभर वर चढतो, गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नाही. मग दुसरा गिअर अलगद, जवळपास न कळता पकड घेतो. शेजारी बसलेल्या मालकाला हे सुखाचंच वाटतं, कारण धक्का नाही की खडखड नाही. चालवणाऱ्या मेकॅनिकला मात्र ठाऊक असतं, की तेवढ्या क्षणात आतल्या क्लचप्लेटा एकमेकींवर घासून तापल्या आहेत.

अशा वेळी हात आपसूक पान्याकडे जातो. बॉक्स उतरवायचा, उघडायचा आणि कुठलं सील कापलं गेलं ते शोधायचं. तशी वेळ कधी येतेही. पण ते शेवटचं पाऊल, पहिलं नव्हे. बांधलेल्या बॉक्सचा ढिला शिफ्ट बहुतेकदा दाबाची तक्रार असते, आणि दाबाची तपासणी बॉक्स जागेवर असतानाच होते.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना दातेरी चाकं सरकत नाहीत. ती कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. ऑइलचा दाब एखाद्या पिस्टनमागे जातो, पिस्टन क्लचप्लेटांचा गठ्ठा दाबतो किंवा ड्रमभोवतीचा पट्टा आवळतो, आणि गिअर लागतो. किती जोरात आवळायचं ते इंजिन किती ओढतंय यावर अवलंबून. म्हणजे इंजिनाची खबर गिअरबॉक्सपर्यंत कुणीतरी पोचवायला हवी. ती खबर चुकीची पोचली, तर आतला प्रत्येक सुटा भाग नवाकोरा असूनही शिफ्ट मऊ पडणार.

जनरल मोटर्सचे दोन बॉक्स शेजारी ठेवले की हे स्पष्ट होतं. १९६९ च्या मॉडेलांपासून आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० मध्ये ही खबर व्हॅक्युमची नळी आणते. इंजिनावर भार वाढला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम घटतो, मॉड्युलेटर ते ओळखतो आणि दाब वाढवतो. ही नळी फुटली तर गिअरबॉक्सला वाटतं की इंजिन जीव तोडून ओढतंय. मग शिफ्ट उशिरा आणि दणक्यात पडतात. म्हणूनच या बॉक्सच्या मऊ शिफ्टचा दोष फुटक्या नळीवर टाकता येत नाही. तिथे चुकीचा मॉड्युलेटर लागलाय का, त्याचा दांडा वाकलाय का, व्हॉल्व्ह अडकतोय का, हे पाहायचं. लक्षण कुठल्या दिशेला झुकतंय एवढं नीट पाहिलं तरी निम्मे संशयित गळतात.

१९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ मध्ये हेच काम एक तारेची केबल करते. कार्बोरेटरच्या लिव्हरपासून निघून ती बॉक्सच्या आतल्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. तिला टीव्ही केबल म्हणतात. यातलं टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. पुष्कळ जण तिला साध्या किकडाउनची केबल समजतात, आणि तिथेच पुढच्या सगळ्या नुकसानाला सुरुवात होते. किकडाउन तर ती करतेच, शिवाय शिफ्ट कधी पडायचा आणि दाब किती ठेवायचा हेही तीच सांगते. ती ढिली राहिली की शिफ्ट लवकर आणि मऊ पडतात. सगळ्यात आधी जळतो तो ३-४ चा क्लच.

जुन्या शेव्हरोले पिकअपला चौथा, ओव्हरड्राइव्हचा गिअर मिळावा म्हणून अमेरिकेत हा बॉक्स असंख्य गाड्यांत नंतर बसवला गेला. बॉक्स नीट बांधलेला असतो, पण इंजिनावर मूळचा क्वाड्राजेट कार्बोरेटर नसतो, बाजारातला दुसराच असतो. त्याच्या लिव्हरवर केबल अडकवायची जागा अक्षापासून जरा जवळ किंवा वेगळ्या कोनात असते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबल शेवटपर्यंत ताणली जाते, त्यामुळे ॲडजस्टमेंट बरोबर आहे असं वाटतं. अर्ध्या थ्रॉटलला मात्र ती हवी तेवढी ओढली जात नाही, आणि गाडी रोज चालते ती याच अर्ध्या-पाव थ्रॉटलवर. यावर उपाय म्हणजे केबलची भूमिती सुधारणारा ब्रॅकेट आणि लिव्हरचा तुकडा. किंमत किरकोळ, बॉक्स पुन्हा बांधण्याच्या खर्चाशी तुलनाच नको.

ॲडजस्टमेंट करायलाही काही मिनिटं पुरतात. इंजिन बंद ठेवायचं. केबलच्या टोकाचं बटण दाबून सरकता भाग थ्रॉटल लिव्हरपासून दूर, मागे पूर्ण ढकलायचा आणि बटण सोडायचं. मग लिव्हर हाताने शेवटपर्यंत फिरवायचा. टकटक आवाज करत तो भाग स्वतःची जागा घेतो. गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबल्यावर लिव्हर खरोखरच तिथवर पोचतो का, तेही पाहायला हवं. गालिचा आडवा येतो, पेडलची जोडणी झिजलेली असते, आणि बॉनेट उघडून हाताने मिळालेली पूर्ण फिरत पायाने मिळत नाही.

त्यानंतर गेज. बॉक्सच्या डाव्या बाजूचा प्लग काढून ३०० पौंडांपर्यंतचं प्रेशर गेज लावायचं. केबल सैल असताना, पार्कमध्ये आयडलला काटा साधारण साठच्या आसपास असतो. आता एकाने केबल हाताने हळूहळू ओढायची आणि दुसऱ्याने काटा पाहायचा. काटा चढत गेला आणि १३० च्या पुढे पोचला, तर पंप आणि रेग्युलेटर ठणठणीत. दोष केबलमध्ये किंवा तिच्या जोडणीत. काटा जागचा हलला नाही किंवा थरथरत राहिला, तरच दोष आतला. या एका चाचणीवर बॉक्स उतरवायचा की नाही हे ठरतं. गेज न लावता दुसऱ्यांदा बॉक्स उतरवणं म्हणजे नाडी न बघता पोट फाडणं.

थरथरणाऱ्या काट्यामागे बऱ्याचदा क्षुल्लक चूक निघते. फिल्टरची मान पंपात जिथे शिरते तिथे एक सील असतं. जुनं सील आतच राहून गेलं, किंवा नवं बसवताना त्याची कड दुमडली, की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. फेसाळलेलं ऑइल दाबलं जातं, आणि दाबलं जाणारं ऑइल क्लच घट्ट धरू शकत नाही. ऑइलची पातळी कमी असली तरी हेच होतं. जास्त असली तर फिरणारे भाग ते घुसळतात, परिणाम तोच.

दाब सगळीकडे बरोबर आणि एकच शिफ्ट ढिला, अशी केस वेगळी. १-२ चाच शिफ्ट मऊ असेल तर पट्टा आवळणाऱ्या सर्वोच्या पिस्टनचं सील, पिनची लांबी, आणि अॅक्युम्युलेटरचा पिस्टन व स्प्रिंग पाहायची. हे काम बॉक्स जागेवर ठेवून होतं. फक्त २-३ लाच इंजिन सुटत असेल, तर संशय ३-४ च्या गठ्ठ्याच्या वाढलेल्या फटीवर. आणखी एक जागा बांधणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते: केसमध्ये बसवलेली थर्ड अॅक्युम्युलेटरची छोटी चेकबॉल कॅप्सूल. ती गळत असली की क्लचकडे जाणारा दाब तिथूनच निसटतो, आणि नव्या प्लेटा काही दिवसांत काळ्या पडतात. रिकामी केस टेबलावर असताना त्या भोकात थोडं सॉल्व्हंट ओतून पाहिलं असतं, तर ही गळती तेव्हाच दिसली असती.

ऑइलचाही हात असतो. फोर्डच्या जुन्या टाइप एफ ऑइलमध्ये घर्षण मऊ करणारी द्रव्यं नव्हती, त्यामुळे क्लच शेवटी ठसठशीत पकडायचा. टाइप एफच्या बॉक्समध्ये जनरल मोटर्सचं डेक्सरॉन भरलं की शिफ्ट लांबतो. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक ऑइलमध्ये हा मऊपणा स्पर्म व्हेलच्या तेलातून येई. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं, आणि कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली.

शिफ्ट कडक करायला शिफ्ट किट मिळतं. व्हॉल्व्ह बॉडीच्या प्लेटमधली भोकं मोठी करणं आणि स्प्रिंग बदलणं ही त्याची रीत, आणि चांगल्या बॉक्सला ते शोभतंही. पण दाब मुळातच कमी असताना ते बसवलं, तर तक्रार काही आठवडे झाकली जाते आणि प्लेटा जळतच राहतात.

१९९३ पासून ७००आर४ च्याच ४एल६०-ई या रूपात केबल गेली आणि दाबाचा हिशेब कॉम्प्युटरकडे गेला. तिथला प्रेशर सोलेनॉइड उलट्या रीतीने चालतो: करंट जास्त तर दाब कमी, करंट बंद तर दाब पूर्ण. म्हणजे बिघाड झालाच तर प्लेटा वाचाव्यात, अशी ही योजना. त्याचा फायदा तपासणीलाही होतो. त्याचा विजेचा प्लग काढल्यावर गेजचा काटा वर गेला, तर बॉक्स दाब देऊ शकतो. मग वायरिंग, सेन्सर आणि कॉम्प्युटरचे हुकूम तपासायचे. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून फोफावलेल्या एएमटी गाड्यांना मात्र यातलं काही लागू नाही. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं.

केबल नीट बसली, दाब आला, शिफ्ट घट्ट झाला, तरी ऑइलचं पॅन एकदा उतरवून पाहावं. तळाशी राखाडी, बोटाला मऊ लागणारा पातळ थर असेल तर काळजी नाही. नव्या प्लेटा बसताना तेवढं निघतंच. ऑइलला करपल्याचा वास असेल आणि काळ्या कपच्या बोटावर येत असतील, तर ढिल्या केबलवर गाडी फार चालली आहे. चकाकी चढलेल्या प्लेटा पुन्हा पकड घेत नाहीत, आणि तेव्हा मालकाला स्पष्ट सांगून बॉक्स उतरवावाच लागतो. नवा गठ्ठा घालून तो परत चढवला, की इंजिन सुरू करण्याआधी केबल पुन्हा लावून घ्यायची, आणि गेज जोडलेलंच ठेवून गाडी रस्त्यावर काढायची.